शेवटच्या शिटीनंतरची वीस मिनिटं : इंदूरच्या एका फुटबॉल फायनलचा प्रकरण अभ्यास

इंदूरच्या पूर्व भागातल्या एका मैदानावर फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी स्थानिक क्लबांच्या स्पर्धेची फायनल झाली. रामबागेतलं एक मराठी कुटुंब ती बघायला गेलं होतं. वडील, त्यांची धाकटी बहीण, घरातले आबा, आठ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. मुलांच्या आईची त्या दिवशी ड्यूटी होती. सामना संपल्यावर गर्दीत मुलाचा हात सुटला, आणि तो सापडायला साधारण वीस मिनिटं लागली. खरचटण्यापलीकडे त्याला काही झालं नाही. मुलगी मात्र त्याच मैदानावरून, त्याच संध्याकाळी, आत्याच्या खांद्यावर पेंगत सुखरूप बाहेर आली होती.

एकाच घरातल्या दोन मुलांच्या बाबतीत हा फरक का पडला, हे मला समजून घ्यायचं होतं. मी लहान मुलांना फुटबॉल शिकवते. हा मुलगा माझ्याकडे येतो, आणि त्या दिवशी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मीही होते. नंतर घरातल्या सगळ्यांशी, गेटवरच्या गार्डशी आणि ज्या बाईंच्या गाडीपाशी मुलगा सापडला त्यांच्याशी सविस्तर बोलले. कुटुंबाच्या संमतीने, नावं न देता, ते सगळं इथे मांडते आहे.

मुलांना मैदानावर नेऊच नका, असं मला मुळीच म्हणायचं नाही. टीव्हीवर पाहिलेला फुटबॉल आणि डोळ्यांसमोर घडलेला फुटबॉल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याच मध्य प्रदेशातल्या शहडोल जिल्ह्यातलं विचारपूर हे आदिवासी गाव फुटबॉलसाठी ओळखलं जातं. २०२३ मध्ये ‘मन की बात’मध्ये त्याचा ‘मिनी ब्राझील’ म्हणून उल्लेख झाला. तिथली पोरं लहानपणापासून मैदान बघत वाढतात, हे त्यामागचं एक मोठं कारण आहे, असं मला मनापासून वाटतं. पण मूल घेऊन जाणारे आईवडील तयारी करतात ती नव्वद मिनिटांची. पाणी, खाऊ, स्वेटर, टोपी. धोका त्या नव्वद मिनिटांत फारसा नसतो. तो आत शिरतानाच्या आणि बाहेर पडतानाच्या काही मिनिटांत असतो, आणि त्यांचा विचार बहुतेक घरांत झालेलाच नसतो.

घरातून निघण्याआधी

आत्याचा पहिल्यापासून विरोध होता. “दादा, छोटीला नको रे नेऊस. साडेआठ वाजले की तिचे डोळे मिटायला लागतात.” त्यावर वडिलांचं उत्तर होतं, “अगं, तू आहेस, आबा आहेत, मी आहे. दोन पोरांना तीन माणसं! अजून काय पाहिजे?”

हा हिशेब वरवर चोख वाटतो. पण आबा बहात्तरचे. तरुणपणी इंदूरजवळच्या महूच्या मैदानांवर खेळलेले, फुटबॉलचं नाव काढलं की अंगात येणारे, आणि आता दोन्ही गुडघे दुखणारे. पायऱ्या उतरताना त्यांच्या कोपराला आधार द्यावा लागतो. म्हणजे प्रत्यक्षात हात देणारे दोघं होते आणि हात लागणारे तिघं. घरातली मोठी माणसं मोजताना वय मोजून चालत नाही. ऐनवेळी कुणाचा हात मोकळा असेल, ते मोजावं लागतं. सहा-सात वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे एक असा माणूस हवा ज्याच्यावर दुसरं कुठलंही काम नाही. वयस्कर माणसाला आधार लागत असेल तर त्यांच्यासाठी आणखी एक. एवढी माणसं जमत नसतील तर फायनल सोडून साखळीतला एखादा साधा सामना निवडावा. मुलाला फायनल आणि साखळी सामना यांतला फरक कळतही नाही.

शेवटी आत्या तयार झाली, पण तीन अटींवर. छोटीला घेऊन ती ऐंशीव्या मिनिटाला उठणार, मग मैदानात काहीही चालू असो. चुकामूक झालीच तर भेटायची जागा आधी ठरवायची. आणि दोन्ही मुलांच्या हातावर फोन नंबर लिहायचा. तिने निघताना दोघांचा पायापर्यंतचा फोटोही काढला, म्हणजे त्या दिवशी अंगावर नेमके कोणते कपडे होते हे कुणाला सांगायची वेळ आली तर आठवत बसायला नको. वडील हसले. “झांकी बघायला जातानाही तू असंच करतेस,” म्हणाले.

झांकीचा अनुभव इथे कामी येत नाही

इंदूरच्या लोकांना गर्दीची भीती वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. कापड गिरण्यांच्या कामगारांनी सुरू केलेल्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांच्या मिरवणुका, इथे रात्रभर चालतात. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर पाऊल ठेवायला जागा नसते. आपण सगळेच बाबांच्या खांद्यावर बसून हे बघत मोठे झालो. त्यामुळे मैदानावरची काही हजार माणसं आपल्याला किरकोळ वाटतात.

झांकी आपल्यासमोरून जाते आणि आपण एका जागी उभे असतो. मागे गल्ली असते, ओळखीचं दुकान असतं, कंटाळा आला की निघता येतं. कुणी पहिल्या झांकीनंतर जातं, कुणी पहाटे. मैदानाला चारी बाजूंनी भिंत असते, आणि सगळ्यांना एकाच वेळी आत यायचं असतं आणि एकाच वेळी बाहेर पडायचं असतं. शिवाय तोपर्यंत माणसं जिंकलेली तरी असतात किंवा हरलेली तरी. माणसांचा आकडा झांकीच्या मानाने कितीतरी कमी असला, तरी ती सगळी एका फाटकाशी एकाच मिनिटाला येतात.

आत शिरताना

सामना साडेसहाला सुरू होणार होता. हे लोक सव्वासहाला पोचले, म्हणजे सगळ्यात वाईट वेळेला. मैदानाचं मोठं लोखंडी फाटक बंद होतं. त्याच्या एका पाखातली माणूसभर रुंदीची दिंडी तेवढी उघडी होती, आणि तिथे तिकीट बघून एकेकाला सोडत होते. बाहेर दोन-तीनशे माणसं त्या दिंडीकडे तोंड करून उभी. आत ढोल सुरू झाला आणि मागच्यांनी रेटायला सुरुवात केली. नरसाळ्यात भसकन ओतावं तसं झालं ते. मागच्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नाही आणि पुढच्यांना हलायला जागा नसते. गार्ड ओरडत होता, “भिया, धक्का मत दो, बच्चे हैं!” पण तो ओरडतोय ते ढोलात चौथ्या रांगेपलीकडे ऐकू जात नव्हतं.

मुलाला मी नंतर विचारलं, तुला तिथे काय दिसत होतं? तो म्हणाला, “पाठी. आणि एका काकांच्या बॅगेची चेन माझ्या गालाला घासत होती. मी सांगितलं त्यांना, पण त्यांना ऐकू नाही आलं.” आठ वर्षांच्या मुलाची उंची सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास असते. त्याचं तोंड मोठ्या माणसाच्या पाठीच्या पातळीवर येतं. चार वर्षांच्या मुलाचं तर कमरेशी. वरच्या माणसाला “थोडी गर्दी आहे” एवढंच वाटत असतं, तेव्हा खालच्या मुलाला हवा कमी पडायला लागलेली असू शकते.

गर्दीचा अभ्यास करणारे एका चौरस मीटरमध्ये किती माणसं आहेत ते बघतात. चारपर्यंत माणूस आपल्या मर्जीने पाऊल टाकू शकतो. पाचाच्या पुढे मामला बिघडत जातो, आणि सहा-सातला माणूस स्वतः चालत नाही, गर्दी त्याला नेते. अशा वेळी मृत्यू बहुधा तुडवलं गेल्याने होत नाहीत. छातीवर इतका दाब येतो की ती फुगूच शकत नाही, उभ्या उभ्या श्वास कोंडतो. मुलांच्या बरगड्या लवचिक असल्यामुळे त्यांची छाती आणखी सहज दाबली जाते. घरच्यांसाठी सोपी खूण अशी : आपल्याला दोन्ही कोपरं बाजूला काढता येत नसतील, तर मूल आधीच अडचणीत आहे.

१५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. सामना सुरू व्हायच्या आधी बाहेर गर्दी तुंबली, पोलिसांनी बाहेर पडायचं एक दार उघडलं, आणि हजारो माणसं एका बोगद्यातून आधीच भरलेल्या, कुंपण घातलेल्या कप्प्यांत शिरली. या दुर्घटनेत एकूण ९७ जणांचा जीव गेला. त्यांत सगळ्यात लहान मुलगा दहा वर्षांचा होता. आपल्याकडे ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर क्रिकेटच्या विजयोत्सवात ११ जण गेले, तेही दारांशीच.

इथे आत्याने एक गोष्ट अगदी बरोबर केली. गर्दी दाटतेय म्हटल्यावर तिने छोटीला कडेवरून काढून समोर छातीशी धरलं आणि आपले दोन्ही हात तिच्या पाठीमागे कुंपणासारखे धरले. खांद्यावर घेतलं नाही. खांद्यावरचं मूल उभं राहून बघताना ठीक आहे, पण चालत्या गर्दीत खालच्याचा पाय अडखळला की ते डोक्याएवढ्या उंचीवरून पडतं. मग ती सरळ पुढे न जाता तिरकं तिरकं सरकत भिंतीकडे आली आणि पहिली झुंड आत जाईपर्यंत थांबली. सामना सुरू झाल्यावर पाचव्या-सहाव्या मिनिटाला सगळे आरामात आत गेले. सुरुवातीची पाच मिनिटं हुकल्याचं दुःख फक्त आबांना झालं. मुलं बरोबर असतील तर पाऊण-एक तास आधी जावं, नाहीतर सरळ दहा मिनिटं उशिरा जावं. मधल्या वेळेत जाऊ नये.

जागा कुठे धरली

वडिलांनी गोलपोस्टच्या मागची गॅलरी निवडली, वरून तिसरी रांग. “तिथून गोल मस्त दिसतो.” दिसतो हे खरंच. पण गोलच्या मागे बसणं म्हणजे प्रत्येक चुकलेल्या फटक्याच्या वाटेत बसणं. मोठ्यांचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो आणि चांगल्या खेळाडूचा फटका ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास सहज जातो. मोठा माणूस हात वर करून तोंड वाचवतो. मूल त्याच क्षणी चिप्सच्या पाकिटात डोकं घालून बसलेलं असतं. त्या दिवशी पहिल्या अर्ध्यात दोन चेंडू त्या गॅलरीत आले, त्यांतला एक या कुटुंबापासून चार-पाच माणसं सोडून.

गॅलरी पाइप आणि फळ्यांची, स्पर्धेपुरती बांधलेली होती. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यात मार्च २०२२ मध्ये सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या, फुटबॉलच्या सामन्याला अशीच तात्पुरती गॅलरी कोसळली आणि दोनशेच्या आसपास माणसं जखमी झाली. इंदूरला तर वजनाखाली जमीन खचते म्हणजे काय, हे ३० मार्च २०२३ च्या रामनवमीने दाखवलेलं आहे. बेलेश्वर महादेव मंदिरातल्या बावडीवरचं, म्हणजे जुन्या विहिरीवरचं, छत माणसांच्या भाराने कोसळलं आणि ३६ जीव गेले. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की चढण्याआधी गॅलरीच्या खाली एकदा वाकून बघा. पाइप जमिनीवर टेकलेत की विटांच्या तुकड्यांवर उभे केलेत, बांधणी सुतळीची आहे की क्लॅम्पची, माणसं उडी मारतात तेव्हा फळी किती वाकते. दोन फळ्यांमधल्या फटीत मुलाचा पाय जातो का, हेही बघा. या गॅलरीत छोटीची चप्पल तशाच एका फटीतून खाली गेली होती. आत्याने ती आणायला कुणाला पाठवलं नाही. उरलेला वेळ छोटी एका पायात मोजा घालून बसली.

मुलं असताना मैदानाच्या लांबीकडची बाजू धरावी, खालून दुसरी-तिसरी रांग, पायऱ्यांच्या अगदी कडेला. अगदी पहिल्या रांगेत नको, कारण गोल झाला की मागची गर्दी पुढच्या कठड्यावर येऊन आदळते. ढोलवाल्या कट्टर समर्थकांच्या गटात नको, आणि दोन गटांच्या सीमेवर तर नकोच. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात दोन्हीकडचे लोक मिसळून बसले होते. मैदानातल्या भांडणाचा वणवा गॅलरीत पसरला आणि चेंगराचेंगरीत १६ जण गेले. त्यानंतर तिथे समर्थकांना वेगवेगळं बसवायला लागले.

कान

मध्यंतरापर्यंत छोटी दोन्ही तळहात कानांवर दाबून बसली होती. वडिलांना वाटलं, नखरे करतेय. मागे ढोल होता, आणि शेजारच्या रांगेत कुणीतरी २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात गाजलेल्या वुवुझेलासारखा लांब भोंगा वाजवत होतं. त्या भोंग्याचा आवाज जवळून १२० डेसिबलच्या घरात जातो. मोठ्या माणसाने ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास काढले तर चालतात, पण पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे शंभर डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. मुलांचे कान त्याहून नाजूक. कानात कापूस घालून फारसा उपयोग होत नाही. डोक्यावरून लावायचे, कान पूर्ण झाकणारे मफ मिळतात. ते घरी दोन-तीन दिवस खेळण्यासारखे घालायला द्यावेत, नाहीतर मैदानावर मूल ते भिरकावून देतं. मूल कान झाकतंय म्हणजे ते आपल्याला काहीतरी सांगतंय. मध्यंतरात आत्या छोटीला घेऊन लांबच्या कोपऱ्यात, झाडाखाली जाऊन बसली. तिथून खेळ अर्धवट दिसत होता, पण छोटी पहिल्यांदा हसली आणि तिने गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाचे तुकडे, खाल्ले.

पेनल्टी

ऐंशीव्या मिनिटाला स्कोअर १-१ होता. आत्या उठली. वडिलांनी मैदानाच्या पलीकडून हाताने खुणा करून थांबायला सांगितलं. तिने मान हलवली आणि छोटीला घेऊन निघाली. गेट मोकळं होतं, गार्ड खुर्चीवर बसून चहा पीत होता. दोन मिनिटांत दोघी ठरलेल्या जागी पोचल्या : रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पायरी, वर हिरवा लुकलुकणारा दिवा. ही जागा तिने आत येताना दोन्ही मुलांना बोट दाखवून सांगितली होती. “हिरवा दिवा बघितलास? हरवलं तर सगळ्यांनी तिथे.”

वडिलांनाही पंच्याऐंशीव्या मिनिटाला निघायचं होतं. पण बरोबरी होती, मुलगा “बाबा, पाचच मिनिटं” म्हणत होता, आणि आबांचा तर हलायचा प्रश्नच नव्हता. या स्पर्धेत जादा वेळ नव्हता, सरळ पेनल्टी. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पेनल्टीचे सगळे फटके एकाच गोलवर मारले जातात, आणि नाणेफेकीत हे ज्या गोलमागे बसले होते तोच गोल आला. बाकी तिन्ही बाजूंची माणसं गॅलऱ्या सोडून धावत इकडे आली, बॅरिकेड ओलांडून गोलरेषेपर्यंत. आतापर्यंत निवांत असलेली गॅलरी दोन मिनिटांत खचाखच भरली आणि खालची पायऱ्यांची वाट बंद झाली.

या क्षणानंतर निघणं हा पर्याय उरला नव्हता. थांबणं हाच शहाणपणा होता. शेवटची पेनल्टी झाल्यावर आणखी वीस मिनिटं जागेवर बसून राहायचं, उरलेला खाऊ काढायचा, आबांकडून महूच्या गोष्टी ऐकायच्या. माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय इथे होता, आणि तो घेतलाच गेला नाही. घड्याळात पावणेनऊ वाजत होते, छोटी बाहेर ताटकळत असेल असं मनात आलं, आणि वडील लोटाबरोबर उठले.

निघतानाची गर्दी शिरतानाच्या गर्दीइतकीच घातक असते. २ जानेवारी १९७१ ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स आणि सेल्टिकचा सामना अगदी शेवटच्या क्षणांत बरोबरीत सुटला. लोक बाहेर पडत असताना तेरा नंबरच्या जिन्यावर काही जण पडले, त्यांच्यावर मागचे कोसळत गेले, आणि ६६ जण गेले. उशिरा झालेल्या गोलचा जल्लोष ऐकून बाहेर पडणारे लोक परत फिरले म्हणून टक्कर झाली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. चौकशीत निष्पन्न झालं की सगळे एकाच दिशेने, बाहेरच चालले होते. उलट दिशेने कुणी येण्याची गरजच नव्हती. उतार, पायऱ्या आणि घाई एवढं पुरलं.

हात सुटला तो क्षण

वडिलांच्या उजव्या हातात आबांचं कोपर होतं आणि डाव्या हातात मुलाची बोटं. बोटं, मनगट नव्हे. घामेजलेली बोटं एका हिसक्यात सुटतात. मनगट धरलं तर मुलाने हात सोडला तरी मोठ्याची पकड राहते. ते शेवटच्या पायरीवर असताना जिंकलेल्या क्लबच्या पोरांनी गेटजवळ सुतळी बॉम्ब लावला. गर्दी एकदम मागे उसळली. केरळमध्ये अरीकोडला १८ फेब्रुवारी २०२५ रोजी सामन्याआधी फोडलेले फटाके प्रेक्षकांत शिरून तीसहून अधिक जण जखमी झाले होते. इथे कुणाला भाजलं नाही, पण त्या एका आवाजाने आबा तोल जाऊन कठड्याला टेकले, वडिलांनी दोन्ही हातांनी त्यांना धरलं, आणि मान वळवून बघतात तर मुलगा नव्हता.

वडील गर्दीच्या उलट दिशेने, परत गॅलरीकडे घुसले. त्या वेळी कुठल्याही बापाने हेच केलं असतं. पण गर्दीच्या विरुद्ध जाणारा माणूस स्वतः पडतो आणि जिथे शोधायला हवं तिथे पोचतही नाही. मूल लोटाबरोबर पुढे गेलेलं असतं किंवा कडेला फेकलं गेलेलं असतं. प्रवाहाला तिरकं जात कडेला यायचं आणि सगळ्यात आधी गेटवर सांगायचं : लाल जर्सी, निळी हाफ पँट, आठ वर्षांचा मुलगा, एकटा बाहेर सोडू नका. गेट एकच असेल तर ही एकच सूचना निम्मं काम करते. आबा गुडघ्यांमुळे जागचे हलले नाहीत, भिंतीला पाठ लावून तिथेच मुलाला हाका मारत राहिले. तेही योग्य झालं. एकाने शोधावं, एकाने हात सुटला त्या जागी थांबावं.

वडिलांनी बहिणीला फोन लावला. लागेना. हजारो माणसं एकाच टॉवरवर असली की असंच होतं. चौथ्या प्रयत्नानंतर त्यांनी साधा मेसेज पाठवला आणि तो मात्र गेला. आत्याने उत्तर दिलं, “इथे नाही. मी हलत नाही. त्याचा फोटो पाठवते.” फोटो जायला आणखी दहा मिनिटं लागली. तो निघतानाच तिघांच्या फोनवर असता तर तो वेळ वाचला असता. मग वडील स्टेजकडे गेले, माइकवरून सांगावं म्हणून. तिथे बक्षीस समारंभ सुरू होता आणि “हे झालं की सांगतो” असं उत्तर मिळालं. मला याचा मनस्वी राग आहे. हरवलेलं मूल ट्रॉफीच्या नंतर येत नाही. मात्र माइकवर मुलाचं नाव पुकारू नये, हेही सांगते. नाव ऐकलेला कुणीही मग त्याला नावाने हाक मारू शकतो. “मुलाचे वडील स्टेजजवळ थांबले आहेत” एवढं सांगावं, आणि वर्णन फक्त गार्ड व पोलिसांना द्यावं. पाच-सात मिनिटांत मूल दिसलं नाही तर ११२ ला फोन करायला संकोच करू नये.

मुलगा कडेला ढकलला जाऊन फ्लडलाइटच्या खांबामागे अडकला होता. मी सरावाच्या वेळी सगळ्या मुलांना सांगते की हरवलात तर पळू नका, खांब, भिंत किंवा झाड पाठीशी घ्या. तो म्हणतो त्याला ते आठवलं नाही, खांबच आडवा आला. काहीही असो, तो तिथेच राहिला. शेजारी शेंगदाण्यांची गाडी होती. गाडीवरच्या बाईंनी त्याला रडताना पाहिलं आणि गाडीच्या आतल्या बाजूला, गॅसपासून लांब, पोत्यावर बसवलं. “बेटा, यहीं बैठ, कहीं मत जाना.” त्याच्या हातावरचा नंबर बघितला, तर घामाने शेवटचे दोन आकडे पुसट झाले होते. एक आठ होता की तीन, ते कळेना. बॉलपेनचा नंबर टिकत नाही. मार्करने लिहून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि दुसरी चिठ्ठी खिशात ठेवावी. नाव कपड्यावर बाहेरून दिसेल असं मात्र लिहू नये.

त्या बाई मुलाला घेऊन कुठेही गेल्या नाहीत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांनी आपल्या पुतण्याला गेटवर गार्डकडे पाठवलं. अनोळखी माणसाशी बोलू नको, एवढंच आपण मुलांना शिकवतो, आणि हरवलेल्या मुलासमोर तर सगळेच अनोळखी असतात. त्याला नेमकं सांगावं : वर्दीतला माणूस, मुलं बरोबर असलेली बाई, किंवा दुकान-गाडी सोडून जाऊ न शकणारा विक्रेता. त्यांच्याकडे जा, पण त्यांच्याबरोबर तिथून कुठेही जाऊ नको. गार्ड आला तेव्हा मुलाने नंबर नाही, जागा सांगितली. “हिरव्या दिव्याचं दुकान. तिथे आत्या आहे.” गार्डने त्याला रस्ता ओलांडून पायरीपर्यंत नेलं. आत्याने आधी गार्डला आपल्या फोनवरचा, निघताना काढलेला फोटो दाखवला आणि मग भाच्याला जवळ घेतलं.

त्यानंतर

पुढचे काही आठवडे मुलगा सरावाला आला की माझ्या जवळपासच राहायचा, आणि फटाक्याचा आवाज झाला की खेळ सोडून उभा राहायचा. मी त्याला धीट हो वगैरे काही म्हटलं नाही. तुला तिथे काय झालं, हे त्याला हवं तेव्हा सांगू दिलं. हळूहळू तो ते सांगताना शेंगदाण्याच्या पोत्याबद्दल जास्त आणि गर्दीबद्दल कमी बोलायला लागला. महिन्याभरात पुन्हा सामना बघायला गेला, पण रविवारी सकाळचा साखळी सामना, शंभरेक माणसांचा. वडील, आत्या, आबा आणि तो. आबांसाठी त्यांच्या एका जुन्या मित्राला बरोबर घेतलं होतं, म्हणजे प्रत्येकाला आपला माणूस होता. ऐंशीव्या मिनिटाला वडीलच पहिले उठले. छोटीला अजून दोन वर्षं फायनलला न्यायचं नाही, हे घरात ठरलं आहे, आणि तिचं काही अडलेलं नाही.

आयोजकांशीही आम्ही काही पालक बोललो. पुढच्या हंगामात मागचं दुसरं फाटक सामना संपायच्या पंधरा मिनिटं आधी उघडायचं आणि तिथे दोन माणसं उभी करायची, एवढं त्यांनी मान्य केलं आहे. मैदानात फटाक्यांना बंदी आणि पेनल्टीच्या वेळी बॅरिकेडवर जास्त माणसं, हेही लिहून घेतलं. हरवलेल्या मुलाची सूचना कुठलाही समारंभ थांबवून आधी दिली जाईल, याचं लेखी आश्वासन मात्र अजून मिळालेलं नाही. पुढची बैठक आहे तेव्हा तो मुद्दा पहिला घ्यायचा, असं आम्ही ठरवलं आहे. मुलाची आईही त्या बैठकीला येणार आहे.